परीक्षा रस्त्याची होती

आधी हातातला चहा संपवा, मग सांगतो. ऐकताना ठसका लागला तर मला बोल लावू नका. लोकांची अब्रू दुसरे कुणीतरी घालवतात. माझी मी स्वतः घालवली, तीही सासरवाडीच्या फाट्यावर, भर दिवसा, सरकारी ट्रकमध्ये बसून, क्लचवर पाय ठेवून.

मी ड्रायव्हर होतो. आणि चांगला ड्रायव्हर होतो. हे मी नाही म्हणत, आमचे लेलेसाहेब म्हणायचे. बहात्तरच्या दुष्काळाच्या आदल्या सालची गोष्ट. रस्त्यांची ताकद तपासणारं एक सरकारी पथक होतं, त्याचा मुक्काम नगरला. पथक म्हणजे काय, तर लेलेसाहेब, दोन मजूर, एक ट्रक आणि ट्रकवर मी.

तुम्ही म्हणाल, रस्त्याची ताकद तपासतात कशी? रस्ता काय कुस्ती खेळतो? सांगतो, कारण ते कळल्याशिवाय पुढची फजिती कळायची नाही.

ट्रकच्या हौद्यात खडीची पोती भरायची, वजनकाट्यावर तोलून, साहेब सांगतील तेवढीच. ट्रकला मागे जोडचाकं असतात ना, त्या दोन चाकांच्या मधल्या फटीत साहेब एक लांबलचक दांडी सरकवायचे. दांडीचं टोक रस्त्याला टेकलेलं, आणि अलीकडे साहेबांपाशी घड्याळासारखी एक तबकडी. भरलेला ट्रक उभा राहिला की चाकाखाली रस्ता दबतो. डोळ्याला दिसत नाही, पण दबतो. ट्रक पुढे गेला की तो परत वर येतो. किती वर आला, ते तबकडीवरचा काटा सांगतो. कमी हलला तर रस्ता घट्ट, जास्त हलला तर पाया कच्चा.

आता यात ड्रायव्हरचं काम काय? ट्रक पुढे न्यायचा. किती? जेमतेम चार पावलं. पण असा न्यायचा की जरासुद्धा हिसका बसता कामा नये. साहेब म्हणायचे, "बबनराव, चाकाखाली मुंगी आली तर तिला घरचं सामान आवरून बाजूला व्हायला वेळ मिळाला पाहिजे."

भरलेला ट्रक, पहिला गिअर, क्लच धड वर नाही, धड खाली नाही. पोटरीत गोळे यायचे. चार पावलं जायचं, थांबायचं. साहेब खाली वाकून काटा वाचणार. मग थोडं पुढे, नवी जागा, परत चार पावलं. माझ्या आधीचे ड्रायव्हर साहेबांनी परत पाठवले होते, हिसके देतात म्हणून. मी टिकलो. मला त्याचा केवढा अभिमान होता म्हणून सांगू. जोरात गाडी कुणीही पळवतो हो. हळू चालवून दाखवा.

तर त्या हिवाळ्यात आमच्या वाट्याला आला जामखेडचा रस्ता. आणि त्या रस्त्यावरच जामखेडच्या अलीकडे माझ्या सासरवाडीचा फाटा. लग्नाला वर्षही झालेलं नव्हतं. आमची मंडळी, म्हणजे हौसा, दिवाळीला माहेरी गेली होती ती अजून तिथंच होती. मी विचार केला, एवढी संधी परत कधी येणार? सासऱ्यांना, तात्यांना, दाखवून देऊ जावई काय चीज आहे ते.

एसटीचा एक कंडक्टर ओळखीचा होता, एसटी घेऊन रात्री त्या गावी मुक्कामाला जाणारा. त्याच्याकडे निरोप दिला. "तात्यांना सांग, उद्या सकाळी सगळ्यांना घेऊन फाट्यावर या. माझ्या गाडीवर सरकार रस्ता पास करणार आहे."

कंडक्टर भला माणूस. पण दिवसभर तिकिटं फाडून, सुट्ट्या पैशांसाठी भांडून, त्याच्या डोक्यात निरोपाचं काय राहिलं असेल? त्याने गावात जाऊन सांगितलं, "उद्या फाट्यावर गाडी चालवून बघून सरकार तुमच्या जावयाला पास करणार आहे."

हे मला तेव्हा माहीत असतं तर हा किस्सा घडलाच नसता.

सकाळी आम्ही फाट्यावर पोचलो तर काय, अर्धा गाव तिथं. लिंबाखालच्या चहाच्या हॉटेलापुढे माणसं बसलेली, बाया पलीकडे बांधावर उभ्या. मधोमध तात्या, डोक्याला कोरा फेटा. शेजारी गेणूभाऊ. हा गेणूभाऊ म्हणजे तात्यांचा चुलतभाऊ. कधीकाळी नगरच्या एका ट्रकवर थोडे दिवस क्लीनर होता, तेवढ्यावर गावातला मोटारीतला सगळ्यात मोठा जाणकार.

मी खाली उतरून पाया पडायला जाणार, तेवढ्यात साहेबांनी हाक मारली. ऊन वाढायच्या आत काम उरकायचं होतं. आणि एकदा काम सुरू झालं की ड्रायव्हरने जागा सोडायची नाही असा त्यांचा नियम. मी लांबूनच तात्यांना हात केला आणि स्टेअरिंगवर बसलो.

मग सुरू झालं. चार पावलं, थांब. साहेब वाकले, काटा वाचला, वहीत लिहिलं. परत चार पावलं, थांब. साहेब ओरडले, "हळू बबनराव, अजून हळू."

मी आरशात बघत होतो. सगळा गाव टक लावून माझ्याकडे बघतोय. कुणी हसत नाही, कुणी बोलत नाही. मला वाटलं, माणसं थक्क झालीत. मी छाती काढून बसलो. मिशीवरून हात फिरवला. एकदा तर उगाच खिडकीतून कोपर बाहेर काढून ठेवलं, सिनेमातल्यासारखं.

आणि तिकडे लिंबाखाली काय चाललं होतं? ते मला हौसानं नंतर सांगितलं.

गेणूभाऊ म्हणाला, "तात्या, दुसरा गिअर पडंना त्याला."

"मग आता?"

"दर चार पावलावर बंद पडतीया. क्लच सोडायला भ्यातंय पोरगं. आन् त्यो सायब बघा, सारखा खाली वाकून बघतोय, काय मोडलं म्हनून."

"कागदावर काय लिवतोय त्यो?"

"मार्क," गेणूभाऊ म्हणाला.

तात्यांचा चेहरा उतरला. सगळ्या गावाला त्यांनी सांगून ठेवलेलं, आपला जावई सरकारी डायव्हर हाय. आणि जावई मोटार चालवतोय की मोटार जावयाला चालवतीय, हेच कळेना. तात्यांना ते बघवेना. ते उठले आणि म्हणाले, "बघत काय बसलाय? पाव्हन्याला हात द्या."

इकडे मी क्लच धरून बसलेलो. साहेब दांडीपाशी उकिडवे, नजर काट्यावर, कपाळाला घाम. आणि मागून आठ-दहा गडी आले आणि ट्रकला खांदे लावून, "हेऽऽ लाव जोर" म्हणत ढकलायला लागले.

साहेब त्या काट्यात इतके गुंतलेले की त्यांनी आधी माणसं पाहिलीच नाहीत. त्यांनी पाहिला नाचणारा काटा. असा काटा त्यांनी जन्मात पाहिला नव्हता. कुणाचा तरी पाय दांडीवर पडला आणि काटा गरकन फिरला. साहेब पुटपुटले, "हा रस्ता आहे का गादी?" मग त्यांना शेजारी एक पायताण दिसलं, मग दुसरं, मग त्यांनी मान वर केली.

मला एवढंच कळलं की मागून दणका बसला. माझ्या आयुष्यातला पहिला हिसका. मी आरशात पाहिलं तर माझ्या ट्रकला माझी सगळी सासरवाडी चिकटलेली.

साहेब शांत माणूस. त्यांनी सगळ्यांना बाजूला घेतलं आणि सांगितलं, "गाडी ठीक आहे. आम्ही परीक्षा घेतोय. मध्ये येऊ नका."

झालं. परीक्षा हा शब्द साहेबांच्याच तोंडून आला. कंडक्टरचा निरोप पक्का झाला.

गडी मागे सरले, पण तात्या तिथंच थांबले. हात जोडून साहेबांजवळ गेले. हे पुढचं बोलणं मला साहेबांनी परत येताना गाडीत सांगितलं, तेव्हा त्यांना हसू आवरत नव्हतं. पण बोलताना दोघंही अगदी गंभीर होते.

तात्या म्हणाले, "सायेब, खरं सांगा. पास व्हईल का?"

साहेबांना वाटलं, गावातला कुणी जाणता माणूस रस्त्याची चौकशी करतोय. त्यांना बरं वाटलं. ते म्हणाले, "वरून बघायला छान आहे. पण बाबा, आतून कच्चा वाटतो."

"आमीबी वरनंच बघितलं हुतं," तात्या म्हणाले.

"पायाच नीट घातलेला नाही. थोडं वजन पडलं की दबतो."

"घरचं वजन तसं काय लई न्हाई त्याच्यावर."

साहेबांना हे नीट कळलं नाही, पण ते बोलत राहिले. "सुधारता येईल. वरून एक जाड थर द्यावा लागेल. पुढच्या पावसाळ्याच्या आत दिला तर बरं, नाहीतर फुटेल."

तात्या आणखी जवळ सरकले. मग हळूच म्हणाले, "सायेब, आमी लेक दिलीय हो."

साहेबांना वाटलं, यांची लेक या रस्त्यावरच्या कुठल्यातरी गावात दिलेली असणार. ते म्हणाले, "मग काळजी वाटणारच. अजून एक परीक्षा आहे दुपारी. पाणी ओतून घेतो आम्ही ती. त्यातही कमी पडला, तर मात्र अवघड आहे."

"पानी वतून?" तात्या म्हणाले आणि लिंबाखाली जाऊन खाली बसले.

दुपारी जेवायची सुट्टी झाली. हौसा भाकरी घेऊन आली. नवी नवरी, चारचौघांत नवऱ्याशी बोलायची नाही. पण तिनं भाकरी पुढ्यात ठेवली आणि खालच्या आवाजात विचारलं, "खरं सांगा. तुमाला गाडी येती ना?"

माझा घास हातातच राहिला. "म्हणजे काय?"

मग तिनं सकाळपासूनचं सगळं सांगितलं. दुसरा गिअर, मार्क, आतून कच्चा, वरून थर, सगळं. सांगताना तिच्या डोळ्यांत पाणी. म्हणाली, "मी सगळ्या मैतरनींना सांगितलंय, माझ्या मालकासारखा डायव्हर नगरात न्हाई म्हनून."

मी तसाच उठून तात्यांकडे गेलो. समजावून सांगितलं. दांडी काय, काटा काय, मुंगी काय. तात्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "म्हंजी सरकार हळू चालवायचा पगार देतं?"

"होय तात्या."

"मग आमच्या बैलांनी किती सरकारी नोकऱ्या सोडल्या म्हनायच्या."

गेणूभाऊ हसला. तात्या हसले नाहीत. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि इतक्या मायेनं बोलले की माझ्या काळजाला घरं पडली. "पाव्हनं, मनाला लावून घिऊ नका. न्हाई जमलं तर न्हाई जमलं. शेतात या. आपले बैल गरीब हायेत, आन् त्यास्नी गिअर नसतो."

आता मला सांगा, ज्या माणसाला साहेब नावाजतात, त्याला सासऱ्यानं बैलांवर पाठवावं? माझं डोकं फिरलं. मी मनात म्हटलं, दुपारची परीक्षा येऊ दे. मग दाखवतो.

दुपारची परीक्षा म्हणजे रस्ता किती पकड धरतो त्याची. पोती उतरवून ट्रक रिकामा करायचा. टँकरने पाणी आणून रस्त्याचा एक पट्टा ओला करायचा. मग लांबून भरधाव यायचं आणि ओल्यात आलो की ब्रेक असा दाबायचा की चाकं जागच्या जागी आवळली पाहिजेत. गाडी घसरत जाते आणि थांबते. किती घसरली ते साहेब फीत लावून मोजतात. कमी घसरली तर रस्ता चांगला.

टँकरचं पाणी रस्त्यावर सुटलं तशी बांधावरची एक म्हातारी म्हणाली, "मानसांना प्यायला न्हाई आन् रस्त्याला आंगूळ."

साहेब ओल्या पट्ट्यापाशी थांबले होते. मी ट्रक घेऊन लांब वळणापाशी गेलो. जाताना तात्यांना म्हटलं, "चला, बसा माझ्याशेजारी." गाडीत ड्रायव्हरशिवाय कुणी बसायचं नाही, हा साहेबांचा दुसरा नियम. मला माहीत होता. पण मला तात्यांना दाखवायचं होतं.

तात्या जीव मुठीत धरून बसले. मी म्हटलं, "तात्या, समोरची दांडी घट्ट धरा."

मी गाडी काढली. पहिला गिअर, दुसरा, तिसरा. दुसरा टाकताना मुद्दाम तात्यांकडे पाहिलं, दुसराही पडतो म्हणून. वारा केबिनमध्ये घुसला. लिंब मागे गेला, गेणूभाऊ मागे गेला. ओला पट्टा चाकाखाली आला आणि मी ब्रेकवर उभाच राहिलो.

चाकं किंचाळली. ट्रक घसरत निघाला आणि थांबला. सरळ थांबला, दोरी धरल्यासारखा, तसूभर इकडे नाही की तिकडे नाही. भल्याभल्यांची गाडी अशा वेळी आडवी होते. मी ऐटीत शेजारी पाहिलं, तर शेजारी कुणी नाही.

तात्या खाली, गिअरच्या दांड्याला मिठी मारून बसलेले. फेटा डोळ्यांवर.

साहेब खूश होऊन फीत घेऊन धावत आले आणि दारातून आधी बाहेर आलेला कोरा फेटा बघून थबकले. "बबनराव, हे कोण?"

"सासरे, साहेब."

साहेबांनी फेट्याकडे पाहिलं, तात्यांकडे पाहिलं, आणि सकाळच्या बोलण्याचा अर्थ त्यांच्या डोक्यात हळूहळू उतरायला लागला. पण नियम तो नियम. म्हणाले, "ही परीक्षा धरता येणार नाही. परत घ्या."

परत घेतली. तशीही ती परीक्षा पुन्हा पुन्हा घ्यायचीच असते. मी वळणापाशी जायचो, भरधाव यायचो, घसरत थांबायचो. साहेब मोजायचे आणि हातानं खूण करायचे, पुन्हा. प्रत्येक खुणेला लिंबाखालून गेणूभाऊचा आवाज यायचा, "परत नापास. परत परीक्षेला बसवला."

शेवटी त्यानं सगळ्या गावाच्या देखत निकाल सांगून टाकला. "सकाळी चालू व्हईना तवा व्हईना, आन् आता चालू झाली तर थांबंना."

माणसं हसली. मी गाडी बाजूला लावून मान खाली घालून उतरलो. हौसा पदराचं टोक चावत उभी होती.

तेवढ्यात तात्या उठले. ते सरळ रस्त्यावर गेले. ओल्या डांबरावर माझ्या चाकांनी पुसून काढलेले दोन पट्टे होते. तात्या त्यांच्या कडेनं चालत गेले, वाकून बघितलं, परत चालत आले. नांगरणी झाल्यावर शेतकरी तास बघतो ना, तसे. मग म्हणाले, "गेणू, हिकडं ये."

गेणूभाऊ आला.

"एवढ्या घसरत्या गाडीचा तास बघ. दर येळी एकाच जाग्यावनं गेलाय. तू बैल चालवतो तवा तुजा तास असा सरळ आलाय का कधी?"

गेणूभाऊचं शेत रस्त्याच्या कडेलाच होतं. सगळ्यांनी वळून तिकडे पाहिलं. तिकडचे तास सापासारखे वळत गेलेले.

तात्या म्हणाले, "मोटारीतलं मला काय कळत न्हाई. पर हात कुनाचा सरळ हाय त्ये कळतं. जावई माजा हाय."

मी आजवर कितीतरी रस्त्यांवर गाडी चालवली, साहेबांच्या शाबासक्या घेतल्या. पण त्या एका वाक्यानं माझी छाती जी फुगली ती अजून पुरती उतरलेली नाही. हौसानं माझ्याकडे बघितलं, आणि इतका वेळ चावलेलं पदराचं टोक सोडून दिलं. संध्याकाळी निघताना साहेबांनीही तात्यांना नमस्कार केला आणि म्हणाले, "बाबा, जावई पास आहे. रस्त्याला मात्र थर द्यावा लागेल."

इथं थांबलो असतो तर तुम्ही म्हणाला असता, बबनरावांनी जिंकलं. मलाही तसंच वाटत होतं.

पुढे दोन-तीन वर्षांनी धाकट्या मेहुणीचं लग्न ठरलं. नवरदेवाचं गाव लांब, म्हणून तात्यांनी वऱ्हाडासाठी जामखेडहून ट्रक ठरवला. ट्रकवाला म्हणाला, गाडी देतो, ड्रायव्हर तुमचा बघा. लग्नाच्या तयारीला आधीच माहेरी गेलेल्या हौसानं मला कळवलं. मी रजा काढली, पांढरे कपडे शिवले, आदल्या दिवशीच हजर झालो.

सकाळी वऱ्हाड गोळा झालं. तात्यांनी मला हाताला धरून पाहुण्यांच्या मधोमध नेलं. "हे आमचे थोरले जावई. सरकारी डायव्हर. ह्यांनी गाडी चालवून दावल्याबिगर सरकार रस्ता पास करत न्हाई." लोक माझ्याकडे मान वर करून बघायला लागले. मी टोपी नीट केली, ट्रकपाशी गेलो आणि ऐटीत ड्रायव्हरच्या बाजूचं दार उघडलं.

आत गेणूभाऊ बसलेला. स्टेअरिंगला हार घालून, उदबत्ती लावून, तयार.

मी तात्यांकडे पाहिलं. तात्यांनी प्रेमानं माझा दंड धरला, मला ट्रकच्या पुढून वळसा घालून दुसऱ्या दाराशी आणलं आणि कानाजवळ तोंड आणून म्हणाले, "पाव्हनं, मुहूर्त आजचाच हाय. गाडी गेणू चालवील. तुमी म्होरंच बसा. थांबवायची येळ आली का तुमाला हाक मारतो."